दिवाळीनंतरचा हजेरीपट

घर सोडून आलेल्या किंवा दरवर्षी घर सोडून जाणाऱ्या मुलांना शिकवणे हे प्राथमिक शाळेतले सर्वांत अवघड काम आहे, आणि शाळेची रीत अशी की ते बहुधा सर्वांत नवख्या माणसाच्या वाट्याला येते. डी.एल.एड.चा छात्राध्यापक आंतरवासितेसाठी शाळेत दाखल होतो. वर्गशिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो, चाचण्या घ्यायच्या असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते. मग मागच्या रांगेतली चार-पाच मुले नव्या सरांच्या किंवा मॅडमच्या स्वाधीन होतात. ‘यांना जरा वाचायला लावा,’ एवढीच सूचना. ही मुले कोण, हे त्या त्या मुलखावर अवलंबून असते. जर्मनीत ती सीरियातून आलेली असतील, दिल्लीत अफगाणिस्तानातून किंवा म्यानमारमधून. वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावच्या पंचक्रोशीत ती तांड्यावरची असतात, पारधी बेड्यावरची असतात, किंवा काही महिन्यांसाठी वीटभट्टीवर उतरलेल्या कुटुंबांची असतात.

कायद्याने या मुलांना निर्वासित म्हणता येत नाही. छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडून आलेला तो निर्वासित, अशी व्याख्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराने केली; भारताने त्या करारावर आजवर सही केलेली नाही. आसेगावकडची मुले जिल्ह्याची हद्द ओलांडतात, फार तर राज्याची. त्यांच्या आईबापांच्या मागे सैन्य लागलेले नसते, उचल लागलेली असते. पण शिकवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर फरक फारसा उरत नाही. अर्धवट सुटलेली शाळा, घरात एक भाषा आणि फळ्यावर दुसरी, हातात दाखला नाही, आणि पुढच्या महिन्यात आपण कुठे असू हे खुद्द घरच्यांनाही ठाऊक नाही. कोणत्याही छावणीतल्या वर्गाचे वर्णन याहून वेगळे होत नाही.

महाराष्ट्राला खऱ्या निर्वासितांच्या शाळांचीही ओळख आहे, आणि त्यांच्याकडे पाहिले की आसेगावचा प्रश्न जास्त स्पष्ट होतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे 5 हजार पोलिश लोकांची छावणी होती. सोव्हिएत हद्दीतल्या हद्दपारीतून सुटून, इराणमार्गे आलेल्या त्या लोकांत बायका आणि मुलेच अधिक. छावणी उभी राहिली तशा तिथे शाळाही उभ्या राहिल्या, पोलिश भाषेतल्या आणि पोलिश शिक्षकांच्या. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे उतरली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि सिंधी शाळांनी तिथे मूळ धरले. विदर्भात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ साली वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. तिबेटी मुलांच्या शाळा चालवण्यासाठी केंद्र सरकारने १९६१ सालीच वेगळी संस्था काढली होती. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा या भागांत स्थिरावली आणि त्यांची मुले बंगाली व मराठी यांच्या सीमेवर शिकत राहिली.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. अख्खा समाज एकत्र हलला, म्हणून त्याच्याबरोबर त्याचे शिक्षक हलले, निदान शाळेची मागणी तरी एकमुखाने झाली. हंगामी मजुराच्या मुलाचे तसे नसते. ते आईबापाबरोबर एकटे निघते. त्याची शाळा गावातच राहते, हजेरीपटावर त्याचे नावही राहते, आणि नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग वाढत जाते. जिथे ते जाते तिथल्या शाळेला ते आल्याचा पत्ता नसतो.

आसेगाव हे मंगरुळपीर तालुक्यातले गाव. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. शासनाच्या कागदात आकांक्षित म्हणजे मागासलेला, हे जिल्ह्यात सगळ्यांना कळते. जमीन काळी, कसदार. पण पाणी थांबत नाही. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती, पूस या नद्या याच जिल्ह्यात उगम पावतात आणि मोठ्या व्हायच्या आत शेजारच्या जिल्ह्यांत निघून जातात. साहजिकच शेतीची भिस्त पावसावर आणि मुख्य पीक सोयाबीन. अश्विनात सोंगणी आणि मळणी उरकली की भूमिहीन माणसाच्या हाताला गावात काम उरत नाही. तूर आणि हरभरा आहे, पण त्यावर सगळे तांडे पोसले जात नाहीत.

तांड्यांचा इतिहासही प्रवासाचाच. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ मुलूखभर पोहोचवायचा. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक भटक्या समाजांवर जन्मजात संशयाचा शिक्का मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली उठला. शेजारच्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे सलग अकरा वर्षांवर मुख्यमंत्री होते. राज्याच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत माणूस पोहोचला आणि तरीही त्याच समाजातल्या कित्येक तांड्यांना दिवाळीनंतर कुलपे लागतात, हा विरोधाभास अभ्यासकांनी अजून पुरता उलगडलेला नाही.

कुलपे लागतात त्याची पद्धत ठरलेली आहे. पावसाळ्यातच ऊसतोडीचा मुकादम येतो, उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखान्याचे बॉयलर पेटले की टोळी ट्रकने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, कधी त्यानंतर, परतते. काही कुटुंबे वीटभट्टीवर जातात, काही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. उलट दिशेनेही माणसे येतात. सोयाबीनच्या सोंगणीला आणि पुढे हरभऱ्याच्या वेळी मेळघाटातले कोरकू मजूर पठारावर आणि मैदानावर उतरतात. गावाबाहेर पालं पडतात. त्या पालांतली मुले गावच्या शाळेच्या कुंपणापाशी येऊन खिचडीचा वास घेत उभी राहतात. त्यांना आत बोलावणारा पहिला माणूस पुष्कळदा छात्राध्यापकच असतो, कारण पटावर नसलेल्या मुलाला आत घेतले तर शिधा कसा लिहायचा, ही चिंता अजून त्याला शिवलेली नसते.

खरे तर चिंतेचे कारण कायद्याने ठेवलेले नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा या बाबतीत नेमका आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून कलम 9 मध्ये स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. शाळा बदलणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, असे कलम 5 सांगते. जन्माचा पुरावा नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. वयाला साजेशा वर्गात बसवून मागे राहिलेले वेगळ्या प्रशिक्षणाने भरून काढायचे, ही कलम 4 ची तरतूद. राज्याने यावर आणखी उपाय जोडले. गावातच मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहे आली, मूल काय शिकले ते लिहून त्याच्याबरोबर द्यायचे शिक्षण हमी कार्ड आले, शाळाबाह्य मुलांना परत आणणारे बालरक्षक शिक्षक आले. त्याआधीही स्वयंसेवी संस्थांनी वाट दाखवली होती. ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगा शाळा चालवल्या, मराठवाड्यातल्या जनार्थने साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा उभ्या केल्या. योजनांचा तुटवडा महाराष्ट्रात कधीच नव्हता. तुटवडा आहे तो मुलापाशी रोज तासभर बसणाऱ्या माणसाचा.

छात्राध्यापकाकडे तो तास असतो. एनसीटीईच्या २०१४च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. पहिल्या वर्षी थोडे निरीक्षणाचे, दुसऱ्या वर्षी सलग अध्यापनाचे. तोवर त्याने कॉलेजात सूक्ष्म अध्यापन केलेले असते, सराव पाठ घेतलेले असतात, पाठ टाचणाच्या वह्या भरलेल्या असतात. टाचणाचा साचा पक्का असतो. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलक लेखन, उपयोजन, स्वाध्याय. हा साचा वाईट नाही. नवख्या माणसाला तो आधार देतो. पण तो काल वर्गात असलेल्या आणि उद्याही येणाऱ्या मुलासाठी बेतलेला आहे. पूर्वज्ञानाच्या रकान्यात ‘विद्यार्थ्यांना दोन अंकी वजाबाकी येते’ असे लिहायचे आणि समोरचे मूल वजाबाकीच्या महिन्यात बारामतीकडच्या फडात होते, तर तो रकाना खोटा ठरतो. स्वाध्याय उद्या तपासायचा असतो आणि उद्या आठवडी बाजार असतो.

पाठाच्या निरीक्षणाची तर आणखी एक गंमत आहे, जी डी.एड. झालेल्या कुणालाही सांगावी लागत नाही. निरीक्षक मागे येऊन बसणार असले की उत्तरे देणारी मुले पुढच्या रांगेत येतात आणि न देणारी बाहेर झाडांना पाणी घालायला जातात. ज्या मुलांमुळे छात्राध्यापक खरोखर काही शिकणार असतो, तीच मुले त्याच्या गुणांच्या दिवशी वर्गात नसतात.

कामाची सुरुवात मूल कुठे अडले आहे ते शोधण्यापासून होते. प्रथम संस्थेने रूढ केलेली पायऱ्यांची चाचणी आता बहुतेक शिक्षकांना माहीत आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. अंकांत एक अंकी संख्या, दोन अंकी, मग वजाबाकी, मग भागाकार. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. स्थलांतरित मुलांच्या बाबतीत या चाचणीत एक चमत्कारिक गोष्ट हमखास दिसते. चौथीतली एखादी मुलगी पहिले दोन-तीन धडे घडाघडा म्हणून दाखवते. सर खूश होतात. मग त्याच धड्यातली एक ओळ वेगळ्या कागदावर लिहून पुढे ठेवली की ती थांबते. ‘घर’ वाचते, ‘बस’ वाचते, ‘काका’पाशी चित्र शोधते. तिने धडा वाचलेला नसतो, ऐकून पाठ केलेला असतो. दरवर्षी जून ते ऑक्टोबर ती शाळेत असते, म्हणून प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकाची सुरुवात तिला ठाऊक असते आणि शेवट एकाही इयत्तेचा नाही. २०२३-२४ पासून काही काळ राज्यात पाठ्यपुस्तके चार भागांत वाटली गेली, वहीची कोरी पाने आतच शिवून. या मुलांच्या दप्तरांत त्यातले पहिले भाग मळून, कोपरे दुमडून गेलेले आणि पुढचे नव्याच्या वासाचे असत. कोणत्याही अहवालापेक्षा ते दप्तर जास्त सांगत होते.

म्हणून अशा मुलीला चौथीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करून देणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग. तिला कान्यापासून शिकवायचे असते, पण पहिलीच्या पुस्तकातून नाही. नऊ-दहा वर्षांची, घरचा स्वयंपाक करू लागलेली मुलगी ‘कमल नमन कर’च्या शेजारी बसवली तर ती लाजते आणि चार दिवसांत यायची थांबते. तिला चालतो तो मजकूर तिच्या रोजच्या कामातला. भाजीची यादी, फडावरून आलेल्या मामाचा फोन नंबर, पोहरादेवीच्या यात्रेत घेतलेल्या वस्तूंची नावे. ती सांगते, सर लिहितात, मग तीच वाचते. स्वतःच्या तोंडचे शब्द कागदावर ओळखायला फार वेळ लागत नाही. लहानशा पानावर दहा ओळी झाल्या की त्यांतून काना, मात्रा, वेलांटी वेगळे काढता येतात.

गणिताची गोष्ट याहून मजेशीर. भट्टीवरचा मुलगा विटा हजारावर मोजतो, कारण मजुरी हजारावर असते. त्याला विचारावे, हजाराला आठशे रुपये धरले तर अडीचशे विटांचे किती? तो डोळे बारीक करतो आणि ‘दोनशे’ म्हणतो. कसे काढले? ‘हजाराचे अर्धे पाचशे, त्याचे अर्धे अडीचशे. आठशेचे अर्धे चारशे, त्याचे अर्धे दोनशे.’ मग त्याच्या वहीत ८०० भागिले ४ असे मांडून द्यावे. तो पेन्सिल चावत बसतो. भागाकार त्याला येतो, भागाकाराचे चिन्ह त्याला येत नाही. शिकवणाऱ्याने इथे नवे काही शिकवायचे नसते. मुलाने तोंडाने केलेल्या चार पायऱ्या त्याच्याच शब्दांत एकाखाली एक लिहायच्या, आणि शेवटी बाजूला ते चिन्ह मांडायचे. ज्या छात्राध्यापकाला हे एकदा जमले त्याला गणित अध्यापन पद्धतीच्या पुस्तकातले अर्धे प्रकरण आपोआप कळते. ज्याला जमत नाही तो मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळा होतो, आणि मग त्या मुलाची बेरीज कायमची तोंडीच राहते. मुकादमाच्या वहीतला हिशेब मात्र लेखी असतो.

भाषेचा प्रश्न तिन्ही समाजांत वेगवेगळा आहे आणि तो एका सुरात बोलून सुटत नाही. बंजारा मुलांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची, पारध्यांची बोली गुजरातीच्या नात्यातली. दोन्हींच्या मुलांना मराठीचा सांगाडा ओळखीचा वाटतो, आणि गावात राहून वऱ्हाडीही कानावर पडलेली असते. कोरकूचे तसे नाही. ती मुंडा कुळातली भाषा. कोरकू मुलाला मराठी ही पूर्णपणे परकी भाषा म्हणून शिकवावी लागते. ते गप्प बसले की मंद आहे असे समजण्याची घोडचूक फार होते. बंजारा मुलांबाबत सुदैव असे की जिल्ह्यातले कितीतरी छात्राध्यापक स्वतः तांड्यावरून आलेले असतात. तरीही शाळेच्या आवारात ते गोरबोली बोलायला कचरतात, कारण त्यांच्या लहानपणी ती बोलल्याबद्दल त्यांनाच कुणीतरी दटावलेले असते. ही भीड गेली की काम निम्म्याने हलके होते. ‘काल काहून नाही आली?’ या प्रश्नाला ‘याडी कामाले गेलती, भावाले पाहत होती’ असे अर्धे गोरबोलीत, अर्धे वऱ्हाडीत उत्तर येते. ते उत्तर प्रमाण मराठीत दुरुस्त करत बसणारा शिक्षक त्यातली बातमी हुकवतो. बातमी अशी की या मुलीला उद्याही भाऊ सांभाळायचा आहे. यावर उपाय एकच: भावालाही घेऊन ये म्हणायचे. दीड-दोन वर्षांचे पोर वर्गाच्या कोपऱ्यात खडूशी खेळत बसले तर पाठ थोडा विस्कटतो, पण बहीण शिकते.

पारधी मुलांची परिस्थिती आणखी कठीण, आणि तिथे छात्राध्यापकाला स्वतःच्या मनातलाही साठा तपासावा लागतो. बेड्यावर पोलिसांची गाडी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुले शाळेत येत नाहीत. गावात चोरी झाली की वर्गातही कुजबुज होते, आणि एखादा पेन हरवला की नजरा एकाच दिशेला वळतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी २०१२ साली फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा सुरू केली. ते स्वतः त्याच समाजातले आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक. नोकरी सोडून त्यांनी रस्त्यावर भीक मागणारी मुले गोळा केली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेचे ग्रंथालय गेले. हाच महामार्ग वाशिम जिल्ह्यातूनही जातो आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण मुंबईला लवकर पोहोचण्याची किंमत कुणी कुणी मोजली, हे नोंदवलेले बरे. प्रश्नचिन्हसारखी शाळा प्रत्येक तालुक्यात निघणार नाही. निघावी अशी अपेक्षाही करू नये. एका माणसाच्या आयुष्याची होळी हे धोरण होऊ शकत नाही. सरकारी शाळेत, साध्या शिक्षकाने, पगारी वेळेत करायचे काम म्हणूनच याकडे पाहायला हवे.

या शिकवणीत दयेला फारशी जागा नसते. नवखे शिक्षक पहिल्या आठवड्यात बिस्किटे आणतात, वह्या वाटतात, मुलांची हकीकत मोबाइलवर फोटोसकट टाकतात. हेतू चांगला असतो. मुलांना बिस्किटे आवडतातही. पण मूल जेव्हा दुसऱ्यांदा तोच शब्द चुकते तेव्हा दयाळू माणूस ‘असू दे, असू दे’ म्हणतो आणि कामाचा माणूस तिसऱ्यांदा विचारतो. फडातून आलेल्या मुलांना कामाची भाषा चांगली कळते. आज पाच ओळी वाचायच्या असे ठरले की ती पाच ओळी वाचून उठतात. त्यांना खटकते ती ढिलाई.

वचनांबाबत त्याहून जास्त जपावे लागते. छात्राध्यापक स्वतःच तात्पुरता असतो. आठवडे संपले की तो परीक्षेला जाणार, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरची वाट. राज्यात २०१० नंतर शिक्षकभरती कितीतरी वर्षे ठप्प होती. त्या काळात पदविका घेतलेली वाशिम-यवतमाळची मुले पुण्याच्या कंपन्यांत आणि दुकानांत कामाला लागली. म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा दोघेही पोटासाठी एकाच रस्त्याने जाणारे, एवढेच की एकाच्या हाती प्रमाणपत्र आहे. ‘मी पुढच्या वर्षी पण येईन’ असे अशा शिक्षकाने म्हणू नये. किती दिवस आहे ते पहिल्याच दिवशी सांगावे. मुले ते ऐकून घेतात आणि विसरत नाहीत.

जाताना मागे काय ठेवायचे, याचा विचार शेवटच्या आठवड्यात सुरू केला तर उशीर झालेला असतो. ज्यांनी हे काम नेटके केले त्यांची पद्धत साधी दिसते. प्रत्येक मुलाची एक चाळीस पानी वही. त्यात तारखेनुसार मुलाने स्वतः सांगितलेले आणि वाचलेले मजकूर, सुटलेली गणिते, आणि शेवटच्या पानावर शिक्षकाने लिहिलेल्या सात-आठ ओळी: हिला जोडाक्षरे अजून येत नाहीत, हातच्याची वजाबाकी येते, गोरबोलीत विचारले तर बोलते, धाकटा भाऊ बरोबर असतो. त्या वहीची एक प्रत वर्गशिक्षकाकडे आणि मूळ वही मुलीकडे. शिक्षण हमी कार्डाची कल्पना हीच होती. फक्त कार्डावर रकाने असतात आणि रकान्यांत ‘समाधानकारक’ लिहिण्याची सवय सरकारी हाताला असते. बारामतीकडे किंवा बेळगावकडे एखाद्या शिक्षकाने ती वही उघडली तर त्याला पाच मिनिटांची चाचणीही घ्यावी लागत नाही. उघडली नाही तरी मुलीपाशी वाचायला स्वतःची चाळीस पाने असतात. कोपीत दुसरे पुस्तक सहसा नसते.

हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलांसाठी हीच शिकवणी संध्याकाळी चालते आणि तिला वेगळा धीर लागतो. दिवसा शाळा, संध्याकाळी जेवण, आणि बऱ्याच गावांत रात्री झोपायला आजीकडे. दिवेलागणीला लहान मुलांना आईची आठवण येते. त्या तासाला पाढे घोकून घेणे निष्फळ. जाणते छात्राध्यापक त्या वेळी पत्रे लिहून घेतात, आईबापांच्या मोबाइलवर ती वाचून ऐकवायला लावतात. मूल वाचताना अडखळले तर पलीकडून आई थांबते. लेखनाचा सराव होतो, आणि शिकण्याचे कारणही मुलाला आपसूक कळते.

एक गैरवापर मात्र सांगायला हवा. शिक्षकांची पदे रिकामी असलेल्या शाळांत छात्राध्यापकाला फुकटचा बदली शिक्षक समजून अख्खे दोन वर्ग त्याच्या गळ्यात घातले जातात. दोन शिक्षकी शाळेची अडचण खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण चाळीस मुलांपुढे उभा केलेला नवखा माणूस चाळिसांनाही शिकवत नाही आणि मागच्या पाचांनाही नाही. त्याच्याकडून एवढेच घ्यावे की त्याने रोज दोन तास त्या पाचांपाशी बसावे, आणि वर्गशिक्षकाने आठवड्यातून एकदा त्याची वही उघडून पाहावी.

उरतो वेळापत्रकाचा मुद्दा. आंतरवासितेचे आठवडे कॉलेजांच्या परीक्षांच्या आणि निरीक्षकांच्या सोयीने ठरतात. मुलांचे वर्ष मात्र सोयाबीन आणि ऊस ठरवतो. वाशिमसारख्या जिल्ह्यात दुसऱ्या वर्षाची सलग आंतरवासिता दिवाळीनंतर सुरू करून पाडव्यापर्यंत न्यावी, आणि तिचा निम्मा काळ तांड्यांच्या शाळांत, हंगामी वसतिगृहांत आणि भट्ट्यांजवळच्या शाळांत ठेवावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था वाशिममध्येच आहे, गटशिक्षणाधिकारी प्रत्येक तालुक्यात आहेत, मुले कोणत्या तांड्यांवरून जातात हे प्रत्येक केंद्रप्रमुखाला तोंडपाठ असते. यासाठी नवा शासन निर्णय लागेल की साध्या बैठकीत भागेल, ते अधिकाऱ्यांनी ठरवावे; बैठक मात्र ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी व्हायला हवी, कारण त्यानंतर ट्रक भरायला लागतात.